मांड्यांना माणसं लागतात

संभाजीनगर जिल्ह्यात पडणारं बहुतेक पाणी गोदावरीकडे जातं. अजिंठ्याचा घाट उतरून सोयगाव तालुक्यात गेलं की मात्र ओढे उत्तरेला वळतात. लेण्यांपाशी उगम पावणारी वाघूर पुढे तापीला जाऊन मिळते. पाण्याबरोबर बोली बदलते आणि ताटही बदलतं. घाटावर सणाला पोळपाटावर लाटलेली पुरणपोळी, घाटाखाली खापरावरचे मांडे. कागदोपत्री आम्ही मराठवाड्यातले, पण आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमचं घर पक्कं खानदेशी असतं.

ज्यांनी मांडे होताना पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मातीचं मोठं, गोल बुडाचं खापर चुलीवर पालथं घालायचं आणि खाली जाळ लावायचा. कणकेच्या दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरून कडा मिटवायच्या, पोळपाटावर जराशी लाटायची आणि मग लाटणं बाजूला ठेवून ती हातांवर घ्यायची. या हातावरून त्या हातावर झुलवत, फिरवत ती वाढत जाते. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे. चांगला मांडा मोठ्या परातीएवढा होतो आणि इतका पातळ, की पलीकडून बांगड्यांचा रंग दिसावा. तसाच तो पेलून तापलेल्या खापरावर टाकायचा. बेळगावचे मांडे वेगळे. त्यांच्यात साखर-खवा असतो आणि ते घडी घालून कडक होऊ देतात. आमचा मांडा पुरणाचा आणि मऊ. चौपदरी घडी होऊन ताटात येतो, सोबत तूप, दूध, आणि आखाजीला हमखास आंब्याचा रस.

वाळूजला कारखाने वाढले तसे घाटाखालचे कितीतरी जण शहरात आले. मीही त्यातलाच. सिडकोत घर झालं, उमेदीची सगळी वर्षं हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये गेली. आमच्याबरोबर कुरडया आल्या, शेवभाजी आली, कळण्याची भाकरी आली, पुरणाच्या कटाची रशी आली. मांडे तेवढे गावाकडे राहिले. इथं आखाजीला आई गॅसवर पुरणपोळ्या करायची आणि आम्ही त्या आवडीनं खायचो. मांडे का नाहीत, असं कुणी विचारलं तर घरातलं प्रत्येक जण एकच उत्तर द्यायचं: इथं चूल कुठंय? खरं कारण चुलीचं नव्हतं. ते 2024 च्या आखाजीला कळलं.

झालं असं, की मुलगा पाचोऱ्याला एका लग्नाला गेला होता. तिथं मंडपामागे मांडे करणाऱ्या बायका पाहून तो पंगत सोडून त्यांच्यापाशीच उभा राहिला. घरी आल्या आल्या म्हणाला, "आजी, तुला येतात ना मांडे? मग आपण का करत नाही?"

आई म्हणाली, "येतात की. पण एकटीच्या हातानं मांडा होत नाही बाबा. किती जण येणार ते आधी सांग. पीठ-डाळीचं नंतर बघू."

त्या साली आखाजी 10 मेला, शुक्रवारी होती. फोनाफोनी सुरू झाली आणि बेत बघता बघता वाढला. ताई आणि भाऊजी, त्यांची मुलं, दोन्ही चुलतभाऊ सहकुटुंब, बायकोच्या माहेरची माणसं, शेजारच्या काकू, माझ्या खात्यातले मित्र, असे चाळीसेक जण जेवायला ठरले. आईनं बोटांवर हिशेब मांडला, तो हातांचा. जाळावर एक. लाट्या करायला एक. पुरण भरायला एक. हातावर वाढवायला दोघी, आलटूनपालटून. खापरावरून उतरवून घडी घालायला एक. धावपळीला पोरं. यातली वाढवणारी मिळणं कठीण होतं, कारण आईचा खांदा धरलेला, हात वर जात नाही. "तुझ्या मावशीला आणा," ती म्हणाली, "नाही तर पोळ्या करून मोकळे होऊ."

मावशी फर्दापूरच्या बाजूच्या खेड्यात राहते. तिनं आयुष्यभर मांडे केले. घरचे तर केलेच, लग्नसराईत दुसऱ्यांच्या मांडवातही मजुरीनं केले. फोनवर तिनं होकार दिला आणि लगेच कामं वाटून टाकली. गहू काय करायचा ते आईनं बघावं, खापर आणि पऱ्हाट्या ती बघेल, आणि जाळ भाच्यानं सांभाळावा. "भट्टीवर आहेस ना तू? मग जाळ तुझ्याकडे."

मांड्याचं काम सुरू होतं ते गव्हापासून. साध्या कणकेचा मांडा हातावर टिकत नाही, तो फाटतो. त्याला सपीट लागतं. त्यासाठी गहू धुऊन, निथळून, फडक्यात बांधून रात्रभर ओलवत ठेवायचा. ओल लागली की गव्हाचं साल चिवट होतं, दळताना त्याचा भुगा न होता मोठाली टरफलं निघतात, आणि आतला पांढरा भाग सहज सुटा होतो. मोठ्या गिरण्यांतही मैदा काढण्याआधी गव्हाला पाणी दाखवतात, ते याचसाठी. आमच्या शहरात गहू धुवायचा म्हटलं तरी आधी नळाचा वार बघावा लागतो. जायकवाडीचं धरण एवढं जवळ, पण घरात पाणी येतं ते काही दिवसांआड. पाण्याचा दिवस धरून आईनं गहू धुतला. ओलसर गहू दळायला चक्कीवाले नाखूश असतात, जात्याचे दगड भरतात म्हणून. आमच्या गल्लीतल्या चक्कीवाल्यानं शेवटचं दळण म्हणून घ्यायचं कबूल केलं आणि तेवढ्यावर बोलणी मिटली.

पीठ चाळणं हे दुपारभराचं काम. आधी बारीक चाळणीनं रवा आणि कोंडा वेगळा, मग परातीवर मलमलचं कापड ताणून वस्त्रगाळ. आई, बायको आणि माझी मुलगी तिघी पंख्याखालून उठून आतल्या खोलीत बसल्या, कारण वाऱ्यानं सपीट उडतं. मे महिन्यात पंख्याशिवाय तासन् तास बसायचं. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिच्या हातात एरवी सतत मोबाईल. त्या दुपारी तिच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या आणि ती आजीला विचारत होती, तुझ्या लग्नात मांडे कुणी केले होते? आईनं बायकांची नावं घेतली. कोण कुठली, कुणाचा हात हलका होता, कोण गाणी म्हणायची. त्या नावांपैकी निम्मी मीही पहिल्यांदाच ऐकली. चाळणं हे जर यंत्रानं पाच मिनिटांत उरकलं असतं, तर ती बोलायची वेळच आली नसती.

मावशी आदल्या दिवशी आली. गाडीत मागच्या सीटवर ती, आणि दोन्ही बाजूंना गोधडीत गुंडाळलेली दोन खापरं. घाट चढून, अजिंठा, सिल्लोड, फुलंब्री असं तिनं त्यांना शंभर किलोमीटर हातानं धरून आणलं होतं. एकच का नाही आणलं, असं मुलानं विचारलं. "खापर जोडीनंच घ्यावं," एवढंच ती म्हणाली. टपावर पऱ्हाट्यांचे भारे बांधलेले. वेचणी झाल्यावर उपटलेल्या कपाशीची ही वाळकी झाडं आमच्याकडे घरोघरी जळण म्हणून ठेवतात. पऱ्हाटीचा जाळ चटकन भडकतो आणि काडी मागे ओढली की तितक्याच चटकन उतरतो. बाभळीचं लाकूड निखारा धरून ठेवतं, पण त्याला मागेपुढे करता येत नाही. मांड्याला दोन्ही लागतात, खाली बाभळीचा विस्तव आणि वर पऱ्हाटीची ज्वाळा.

रात्री पुरण. हरभऱ्याची डाळ बोटचेपी शिजवून कट निथळून घेतला. तो रशीसाठी बाजूला. डाळीत गूळ घालून आटवायला पातेलं मोठ्या शेगडीवर चढवलं. एवढं पुरण ढवळायला जोर लागतो, म्हणून ते काम भाऊजींनी आपणहून घेतलं. उलथनं मध्ये उभं राहीपर्यंत ते घाम पुसत ढवळत होते. वेलदोडा, जायफळ पडलं आणि घरभर सणाचा वास पसरला. पुरणयंत्र दोन, फिरवणारे चार. मावशीनं वाटलेलं पुरण दोन बोटांत घेऊन चोळून बघितलं, एक कण लागला आणि सगळं पुरण पुन्हा एकदा यंत्रातून काढायला लावलं. कुणी हूं की चूं केलं नाही. एक अख्खा दाणा राहिला तरी मांडा तिथंच फाटतो, हे तिनं आधीच सांगितलं होतं.

आखाजीच्या सकाळी आधी घागर भरली. पितरांच्या नावानं नवी मातीची घागर पाण्यानं भरून ठेवतात, तिच्यावर छोटं भांडं, शेजारी आंबे आणि डांगर, म्हणजे खरबूज. बाहेर रस्त्यावर प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या, कारण 13 मेला लोकसभेचं मतदान होतं. गच्चीवर विटांची चूल आधीच रचून ठेवली होती. मावशीनं पदर खोचला आणि मला पाटावर बसवून जाळाचं शास्त्र सांगायला सुरुवात केली.

माझ्या कामात उष्णता हाच विषय. गियरचे दात कठीण करायला कार्ब्युरायझिंगची भट्टी 900 अंशांच्या वर न्यावी लागते, मग तेलात बुडवून थंड करणं, मग 150 ते 200 अंशांवर टेंपरिंग. प्रत्येक टप्प्याला थर्मोकपल, आलेख, नोंदी. खापराला यातलं काहीच नाही. पण काम तेच आहे: उष्णता सगळीकडे सारखी पोचवणं, आणि ती घाई न करता पोचवणं. नवं खापर एकदम तापवलं तर त्यात मुरलेली ओल वाफ होऊन बाहेर पडायला बघते आणि माती फुटते. म्हणून आधी बराच वेळ नुसती धग. माती उष्णता हळू पुढे देते. लोखंडी तव्याचा एक कोपरा तापला की थोड्या वेळात सगळा तवा तापतो, खापराचं तसं नाही. ज्वाळा वर चढते म्हणून खापराचा माथा आधी तापतो आणि कडा मागे राहतात. तेव्हा पऱ्हाटी मधोमध न घालता कडेकडेनं, चुलीच्या तिन्ही तोंडांतून थोडी थोडी घालायची आणि ज्वाळा फिरती ठेवायची. हे सगळं मावशीनं "मधी नको घालू, बाजूनं घाल, फिरवत राहा" एवढ्या शब्दांत सांगितलं. त्यामागचं कारण मला माहीत होतं आणि कृती तिला. दोन्ही एकत्र आलं तेव्हा काम जमलं.

ताप बघायची तिची रीत अशी: चिमूटभर पीठ खापराच्या माथ्यावर आणि चिमूटभर कडेला टाकायचं. दोन्हीकडचं एकाच वेळी बदामी झालं की मांडा टाकायचा. माथ्यावरचं आधी करपलं तर जाळ मागे ओढायचा. ही तपासणी कुठल्याही भट्टीवाल्यानं मान डोलावून मान्य करावी अशी आहे, कारण ती एकाच आकड्यावर विसंबत नाही, दोन जागांची तुलना करते.

कणीक तिंबण्याचं काम मुलांच्या वाट्याला. मीठ, तेलाचा हात, पाण्याचा हबका, आणि परातीत आपटून आपटून कणकेला तार सुटेपर्यंत तिंबणं. त्यानंतर ओल्या फडक्याखाली विसावा. तिंबलेली कणीक ओढली की मागे खेचते, विसावली की सैल होते, मग हवी तेवढी वाढते. हा विसावा चुकवता येत नाही. पाहुणे दारात आले तरी कणीक तिच्या वेळेनंच तयार होते.

पहिला मांडा मावशीनं हातावर घेतला, दोनदा झुलवला आणि तो मधोमध फाटला. ती थांबली. लाटी बोटानं दाबली, पुरण दाबलं. "पुरण रात्रीतून आळलंय," ती म्हणाली. कणीक आणि पुरण एकाच मऊपणाचं हवं. एक पुढे सरकलं आणि दुसरं मागे राहिलं की मधला पापुद्रा तुटतो. बायकोनं पुरणात दुधाचा हात लावून ते सैल केलं. त्यानंतरचा मांडा मावशीच्या हातांवर आला आणि गच्चीवरचं बोलणं बंद पडलं.

ते हात मी अगदी जवळून पाहिले. चुलीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. तिची बोटं मिटलेली असतात, कारण बोटाचं टोक लागलं तर भोक पडतं. सगळा भार तळहाताच्या मागच्या बाजूवर आणि मनगटावर. उजव्या हातावरून डाव्यावर जाताना मांडा हवेत किंचित उघडतो आणि स्वतःच्याच वजनानं वाढतो. ती ओढत नाही, नुसती वाट करून देते. हात बदलताना दर खेपेला तो थोडा फिरतो, म्हणून सगळीकडून सारखा वाढतो. कोपराजवळ तिच्या दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा आहेत, एकाखाली एक. खापरावर मांडा अंथरताना हात जितका जवळ न्यावा लागतो तितक्या उंचीवर त्या आहेत. मांडा पडला, कडेनं पापुद्रा उचलला, मध्ये फुगे आले. ताईनं कडा सुटल्याचं बघून हलक्या हातानं तो उलटला आणि उतरवून धुतलेल्या धोतरावर चौपदरी घडी घातली. पहिली घडी देवाला, दुसरीतला घास तुपासह निखाऱ्यावर पितरांसाठी. त्याला आमच्याकडे आगारी टाकणं म्हणतात.

मग चक्र सुरू झालं. या कामाचा वेग कुणा एकाच्या हातात नसतो. जाळ कमी असला तर मांडा हातावर ताटकळतो आणि जास्त वाढून फाटतो. लाटी उशिरा आली तर खापर रिकामं तापतं आणि पुढचा मांडा करपतो. म्हणून प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या कामाइतकंच शेजारच्याच्या हातांवर. मावशीनं लाटी उचलली की मी पऱ्हाटी पुढे सरकवायची, दुसऱ्यांदा हात बदलले की ज्वाळा कडेला, टाकला की मागे. थोड्या वेळानं सांगावं लागेना. आमच्या घरात एरवी एकमेकांच्या कामात लक्ष घालणं म्हणजे भांडणाला निमित्त. तिथं मात्र लक्ष घातल्याशिवाय कुणाचंच काम होत नव्हतं.

ऊन चढलं तसा वारा सुटला. ज्वाळा एकाच बाजूला कलू लागली. आम्ही पत्रा आडवा लावला, तोवर खापराच्या एका अंगानं केसाएवढा तडा धरला. एक बाजू जास्त तापून फुगते, दुसरी मागे राहते, आणि माती तो ताण सोसत नाही. मावशीनं खापराला टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाली, "उतरव." दुसरं खापर कशाला आणलं होतं ते तेव्हा सगळ्यांना उमगलं. ते पुन्हा धगीपासून तापवायचं, म्हणजे बराच खोळंबा. त्या खोळंब्यात मावशीनं बायकोला आणि भाचीला जवळ बोलावलं आणि वाया जाणाऱ्या कणकेवर हात बसवायला लावला, पुरण न भरता. बायको बीडकडची, तिच्या माहेरी मांडा ठाऊकच नाही, पण तिचा पोळीचा हात हलका. दुसरं खापर तापेपर्यंत तिच्या मनगटावर लाटी फिरायला लागली होती. आईला उठून हात लावता येत नव्हता, पण ती खुर्चीवरून सांगत होती: "कोपर खाली घे. श्वास धरू नकोस. खाली बघू नको, हाताला कळतं." मावशीचे हात आणि आईचे शब्द अशी दोघींची मिळून ती शिकवणी चालली होती.

जेवायला आलेल्यांमध्ये माझ्या खात्यातला एक जुना मित्र होता. त्याचे वडील जुन्या शहरातल्या एका हॉटेलात रुमाली रोटी करायचे. मावशीचे हात बघून तो चपला काढून चुलीपाशीच येऊन बसला. पालथ्या कढईवर रुमाली टाकायची तीच पद्धत, तीच मिटलेली बोटं, तीच मनगटाची फिरकी. फक्त त्यात पुरण नाही. "खाला, पुरण भरून हे कसं जमतं?" त्यानं विचारलं. मावशीनं त्याच्याही हातावर लाटी दिली. वडिलांचा हात त्याच्यात थोडाफार उतरला असावा, कारण त्याची लाटी फाटली नाही. या शहरात दोन वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत एकच कसब पिढ्यान् पिढ्या नांदत होतं आणि आम्ही दोघं वाळूजमध्ये शेजारी शेजारी काम करूनही त्यावर कधी बोललो नव्हतो.

चाळीस जणांना पोटभर मांडे वाढायचे हा बेत तडीस गेला नाही. प्रत्येकाच्या ताटात एकेक घडी पडली, पोरांनी फाटलेल्यांचा फडशा पाडला, आणि उरलेल्या पुरणाच्या पोळ्या काकूंनी खाली गॅसवर केल्या. रशी, भात, कुरडया, भजी, केसर आंब्याचा रस, कशालाच कमी नव्हती. मांडे कमी पडले याचं कुणाला वाईट वाटलं नाही. ज्यानं त्यानं कशाला ना कशाला हात लावला होता, त्यामुळे एका घडीची किंमत सगळ्यांना ठाऊक होती.

त्यानंतर मी मांड्यांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी शिवेवर. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात मंडकांची कृती आहे. गहू धुणं, दळणं, चाळणं, गोळा हातानं वाढवणं आणि तापल्या खापरावर भाजणं. म्हणजे आमच्या गच्चीवर जे चाललं होतं ते जवळजवळ नऊशे वर्षांचं. आणि मुक्ताईची कथा तर आपण सगळेच ऐकत आलो. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं आपेगाव आमच्याच जिल्ह्यात, पैठण तालुक्यात, गोदेच्या काठी. मुक्ताईचा शेवट सांगतात तो तापीकाठी, आजच्या मुक्ताईनगरजवळ. मांडे करायला ती खापर आणायला गेली, तर विसोबांनी कुंभारांना सांगून ठेवलेलं, हिला खापर द्यायचं नाही. मग ज्ञानेश्वरांनी योगाग्नीनं पाठ तापवली आणि तिनं त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. लहानपणी या कथेत मला चमत्कार दिसायचा. आता दिसतं ते असं: त्या गोष्टीतही मुक्ताईला एकटीला मांडे करता आले नाहीत. कुंभारानं पाठ फिरवली तर भावानं पाठ द्यावी लागली. आणि ज्यांनी अडवलं ते विसोबाही पुढे त्यांच्यातलेच झाले, नामदेवांचे गुरू म्हणून ओळखले गेले.

आपल्या सणांचे कुठले पदार्थ मागे पडले, याचा विचार केला तर असं दिसतं, की महाग पदार्थ मागे पडले नाहीत, अवघडही पडले नाहीत. ज्यांना एका वेळी पाच-सात हात लागतात ते आधी गेले. एका माणसाला एका गॅसवर जे जमतं ते टिकलं. आमच्या घरातून मांडे गेले तेव्हा चूल नव्हती म्हणून गेले नाहीत. ताई एका गावी, भाऊ दुसऱ्या, मी कारखान्याच्या पाळीत, आणि स्वयंपाकघरात आई एकटी, म्हणून गेले. एकट्या बाईवर हे काम टाकून "परंपरा जपली पाहिजे" म्हणण्याचा कुणालाच अधिकार नाही. मांडे हवे असतील तर घरातल्या पुरुषांनी पीठ तिंबलं पाहिजे, पुरण ढवळलं पाहिजे, जाळापुढे बसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट मजुरीची. लग्नसराईत मंडपामागे दिवस दिवस मे महिन्याच्या उन्हात, चुलीच्या धगीत उभ्या राहणाऱ्या मावशीसारख्या बायकांना आपण सुगरण म्हणतो आणि पैसे देताना मात्र घासाघीस करतो. आमच्या खात्यात कुशल कारागिराची वेगळी श्रेणी असते, त्याला हातमोजे, एप्रन मिळतो, भाजलं तर औषधोपचार मिळतो. मावशीच्या कोपरावरच्या खुणांची कधी कुणी नोंद ठेवली नाही. ज्यांच्या घरी अशा बायका कामाला येतील त्यांनी सावली, पाणी, विश्रांती आणि कसबाला साजेशी मजुरी द्यावी, आणि त्यांच्यासोबत एखादी शिकणारी मुलगी किंवा मुलगा उभा करावा. हे हात थांबले तर पुस्तकातल्या कृतीवरून मांडा परत येणार नाही.

आमच्याकडे आता कामं ठरलेली आहेत. बायको आणि भाची हातावर वाढवतात, भाऊजी पुरण ढवळतात, जाळ माझ्याकडे. माझा मित्र मुलाला घेऊन येतो. मावशी बाजूला बसून बघते आणि मध्येच उठून एखादा मांडा करून दाखवते, कारण काही गोष्टी सांगून कळत नाहीत. आणि आखाजी जवळ आली की आई गव्हाआधी माणसांची यादी काढायला बसते. कोण येणार, कोण नाही, कुणाचा हात कशाला चालेल. यादी पुरेशी लांब झाली की मगच आमच्याकडे गहू ओलवायला पडतो.